पाव भाग पुरे

कानात यंत्रं बसवली तेव्हा डॉक्टरीण म्हणाली,
आता पक्षी ऐकू येतील.
आले. टुई आला, किटलीचं झाकण आलं,
शेजारच्या कुत्र्याची नखं फरशीवर.
मग ॲथॉलच्या डॅटसनमध्ये बसले
तर अख्खं साउथलंड कवटीत शिरलं.

आमचे रस्ते म्हणजे डांबरावर खडी ओतून
पुढच्या गावाला निघून गेलेली माणसं.
टायर त्यावर दात खातात.
गाडी शहात्तरची, दोघांपुरती, नाक लांब,
आत पत्रा, पत्र्यावर गालिचा, संपलं.
भावाला हिचा नाद होता.
मला हिचा नाद सोसेना.
विकून टाक, म्हणाले सगळे. दोनदा जाहिरात लिहिली,
दोनदा किंमतीची जागा कोरी राहिली.

तामाती ब्लफहून आला, बोटींचे पत्रे ठोकणारा,
मासळीच्या कारखान्यातून ड्राय आइसचं खोकं घेऊन.
सीटा निघाल्या. एक बोल्ट हट्टाला पेटला,
त्याला कापावंच लागलं.
गालिच्याखाली वीस सेंटचं जुनं, जाडं नाणं,
कालवाची फुटकी शिंपली,
तळहाताएवढा गंज,
आणि पेन्सिलीनं काढलेली एक जपानी खूण.
तपासणीवाल्याची असेल, तामाती म्हणाला.
मी तिच्याभोवतीनं फडकं फिरवलं.

जुन्या डांबरी थरावर बर्फ पसरला,
धूर दरवाजातून उतरून गॅरेजभर रांगला.
हातोडीची टिचकी, आणि थर बिस्किटासारखा तडकला.
जिथं नाही तडकला
तिथं मी दोन शनिवार गुडघ्यांवर, पत्रीनं खरवडत.
त्या दिवसांत जेवणाला डांबराची चव होती.

मग त्यानं बोटाच्या पेरानं पत्रा वाजवला,
मडकं घेताना वाजवतात तसा.
ठण्ण.
चंदेरी पाठीचा काळा चिकट तुकडा डकवला,
रोलरनं दाबला, पोटातली हवा निघेपर्यंत.
पुन्हा वाजवला.
ठप.
एवढ्या पत्र्याला एवढासा तुकडा?
पाव भाग पुरे, तो म्हणाला.
मढवायचं नसतं. आवाज मारायचा नसतो.
पत्र्याला थरथरायची खोड असते,
तिच्यावर फक्त हात ठेवायचा.

हॉस्पिटलात ॲथॉलच्या हातावर
मी तसाच ठेवला होता. पूर्ण हातावर नाही.
मनगटाशी.

चाकांच्या कमानी, बोगदा, दारांची पोटं.
वर फोम, फोमवर आपल्याच मेंढ्यांच्या लोकरीचा गालिचा.
फॉइलच्या कडांनी बोटं अशी कापली
की आठवडाभर लिंबू पिळता आलं नाही.

रविवारी रिव्हर्टनच्या रस्त्याला निघालो.
गर्जना गेली नव्हती, पण आता ती शेजारच्या खोलीत होती,
आणि तिच्याआड लपलेले बारकेसारके
एकेक करून पुढे आले:
मागच्या डिफरेन्शियलचं कण्हणं,
घड्याळ, जे चालतं हेच मला ठाऊक नव्हतं,
तामातीच्या खिशातल्या किल्ल्या.

या गाडीत आम्ही चाळीस वर्षं ओरडून बोललो.
तेलाचे भाव ओरडून, वाढदिवस ओरडून.
आई गेल्याचं त्यानं मला याच वळणावर सांगितलं,
आणि मी ओरडले, काय?
त्याला ते पुन्हा ओरडून सांगावं लागलं.

वाऱ्यानं एका बाजूला विंचरलेली झाडं मागे पडली.
तामाती बाहेर बघत, साध्या आवाजात म्हणाला,
ॲथॉलला नसतं आवडलं हे.

ऐकू आलं. शब्द न् शब्द.
तरी जुन्या सवयीनं तोंडातून गेलंच,
काय?

तो पुन्हा म्हणाला.
तेवढ्याच हळू.